केनियाला जाताय? बॅग नंतर भरा, आधी पिवळं कार्ड

साठी उलटल्यावर आईनं एकच हट्ट धरला: सिंह बघायचा, आणि तो पिंजऱ्यातला नको. म्हणून गेल्या सप्टेंबरात आई, नवरा आणि मी केनियातलं मसाई मारा अभयारण्य बघून आलो. सिंह दिसले, विल्डबीस्टचे कळप नदी उतरताना दिसले. ते फोटो सगळ्यांकडेच असतात. मला सांगायचंय ते निघण्याआधीच्या दीड महिन्याबद्दल, कारण तिकिटं काढली तेव्हा आम्हाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

सगळ्यात आधी यलो फीवरची लस. गंमत अशी की भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया ही लस मागत नाही. मागतो आपलाच देश, परत येताना. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा एडिस डासच यलो फीवरही पसरवतो. डास इथे हवा तेवढा आहे, रोग नाही, आणि तो येऊ द्यायचा नाही. म्हणून केनियाहून येणाऱ्याकडे लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस टोचल्यावर कार्ड लागू होतं १० दिवसांनी, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. एकदा घेतली की मात्र जन्माचं काम होतं. दर १० वर्षांनी पुन्हा घ्यायची अट २०१६ साली गेली.

ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. कुपी एकदा कालवली की थोड्या तासांत संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारीच लस देतात. आधी फोन करून वार विचारा आणि मूळ पासपोर्ट न्या. आम्ही साताऱ्याहून पहाटेच्या एसटीनं मुंबई गाठली. आईचं वय ६४. ही जिवंत लस आहे, म्हणजे तिच्यात रोगाचा दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो, आणि साठीपुढे तिचा त्रास व्हायची शक्यता थोडी वाढते, म्हणून डॉक्टरांनी तिची बीपीची फाइल, चालू औषधं, जुनी दुखणी सगळं खोदून विचारलं. शेवटी म्हणाले, "अंड्याची ॲलर्जी?"

"मी माळकरी आहे हो. अंड्याला कधी हात लावला नाही."

मग त्यांना सांगावंच लागलं की ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. आईनं क्षणभर गळ्यातल्या माळेला बोट लावलं. "औषध आहे ना? पांडुरंग समजून घेईल," म्हणाली आणि दंड पुढे केला. टोचल्यावर तिला अर्धा तास समोरच बसवून ठेवलं.

बाहेर वडापाव खाताना आईनंच चष्मा चढवून कार्ड वाचायला घेतलं. माझ्या पासपोर्ट नंबरात ६ च्या जागी ० पडला होता. परत आत, परत रांग, नवं कार्ड. साताऱ्याला पोचल्यावर लक्षात आलं असतं तर आणखी एक फेरी. तुम्ही तिथल्या तिथे अक्षर न् अक्षर ताडून बघा.

टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात यांचं घरच्या डॉक्टरांनीच बघितलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मलेरियाचं मात्र आहे. "डास काय आपल्याकडे चावत नाहीत?" असं मीही म्हणाले होते. पण केनियातला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, मेंदूपर्यंत जाऊ शकणारा, आणि क्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या गोळीला न जुमानणारा. नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर असल्यानं तिथे धोका कमी; मारा आणि मोम्बासाचा किनारा इथे तसं नाही. प्रवाशांसाठी याची लस नाही, गोळ्याच घ्याव्या लागतात. आम्हाला डॉक्सीसायक्लीन दिली होती: निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक, आणि परत आल्यावर आणखी ४ आठवडे. भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. नवऱ्यानं पहिल्याच रात्री गोळी टाकली आणि पाठोपाठ गादीवर अंग टाकलं. दोन दिवस छातीत निखारा ठेवल्यासारखा गप्प होता. या गोळीनं ऊनही लवकर भाजतं. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती चालत नाही. त्यांच्यासाठी वेगळी औषधं असतात, ती डॉक्टरांनीच ठरवायची.

तिथे गेल्यावर संध्याकाळपासून पूर्ण बाह्या, मोजे आणि मच्छरदाणी. आधी सनस्क्रीन, त्यावर डासांचं मलम, उलटं नाही. गडद निळे आणि काळे कपडे घरीच ठेवा. त्सेत्से माशी त्या रंगांकडे धावते, कपड्यावरूनही चावते आणि मलमाला फारशी दाद देत नाही. आमच्यात नेव्ही ब्लू टीशर्ट कुणी घातला असेल ते सांगायला नको. आणि औषधं आपल्या सवयीनं कॅरीबॅगमध्ये बांधू नका, केनियात २०१७ पासून त्यांच्यावर बंदी आहे. आईचे खाण्याचे डबेही कापडी पिशव्यांतून गेले.

त्यातलंच एक थालीपीठ लॉजच्या व्हरांड्यात एका माकडानं तिच्या हातातून ओढून नेलं. नख लागलं नाही हे नशीब. लागलं असतं तर साबणपाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन रेबीजच्या इंजेक्शनासाठी पळावं लागलं असतं, आणि मारात पळणार कुठे? नैरोबीच्या ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सचं विमान आजारी माणसाला उचलून आणतं, पर्यटकांसाठी त्यांची थोड्या दिवसांची योजनाही असते. ती, किंवा विमानानं हलवायचा खर्च देणारा विमा, घेतल्याशिवाय जाऊ नका.

मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधीच पिवळी कार्डं तपासली. आईनं आपलं पासपोर्टच्याही वर धरलं होतं.

परतल्यावर अकराव्या दिवशी मला ताप भरला. दवाखान्यात सांगितलं, व्हायरल आहे, साथ चालू आहे. मी म्हटलं, "डॉक्टर, आम्ही केनियाहून आलोय." त्यांनी लिहायचं थांबवलं आणि तिथल्या तिथे मलेरियासाठी रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी परत घेतलं, कारण एकदा निगेटिव्ह आलं म्हणून सोडून देत नाहीत. दोन्ही वेळा काही निघालं नाही, सर्दीतापच होता. गोळ्या मात्र तिघांनीही अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत घेतल्या, आईनं दुपारच्या जेवणानंतर आणि नवऱ्यानं अर्धा तास खुर्चीत ताठ बसून.