कोथिंबीर, कोळसा आणि उठलेली गावं

हल्ली गावाकडं फोन केला की सगळे एकच विचारतात, काय गं, लिहिणं बंद केलंस का? बंद नाही केलेलं, उलट इतकं साठलंय की कुठून सुरू करू तेच कळत नाहीये, म्हणून आज सगळं एकदाच सांगून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी लाइपझिगला राहते, पूर्व जर्मनीत. दिवसभर सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी आणि लिखाण सकाळी सहा ते साडेसात, कारण संध्याकाळी डोकं चालत नाही. भारत उन्हाळ्यात साडेतीन तास पुढं आणि हिवाळ्यात साडेचार, त्यामुळं मी चहा ठेवते तोवर तिकडच्या संपादकांचा अर्धा दिवस झालेला असतो आणि मेसेज पडलेला असतो, "मॅडम, आजच्या आज देता का?" दिवाळी अंकासाठी मागतात ते पण ठरलेलं, परदेशातला बर्फ, एकटेपणा, चिवड्याची आठवण. मी लिहिलेत असले लेख, पाच-सहा तरी असतील, आणि खरं सांगू का, कंटाळा आला. इथं राहायचं आणि लिहायचं मात्र इथं काय नाहीये त्याबद्दल, हे काय खरं नाही.

हे डोक्यात यायला कारण झाली बाग. इथं शहरात लोकांना भाड्यानं जमिनीचा तुकडा मिळतो, त्याला श्रेबरगार्टन म्हणतात, आणि गंमत म्हणजे ही गोष्ट सुरूच झाली लाइपझिगला. ज्या डॉक्टर श्रेबरच्या नावानं हे ओळखलं जातं तो गेला 1861 मध्ये आणि हाउशिल्ट नावाच्या शाळामास्तरानं त्याच्या नावानं संस्था काढली ती 1864 मध्ये, ती पण मुलांना खेळायला मैदान पाहिजे म्हणून. मग गेझेल नावाच्या आणखी एका मास्तरांनी मैदानाच्या कडेनं मुलांसाठी वाफे केले, मुलांनी नेहमीप्रमाणं दोन दिवस पाणी घातलं असणार आणि सोडून दिलं असणार, शेवटी वाफे आले आईबापांच्या गळ्यात. म्हणजे नाव श्रेबरचं आणि बागेशी त्या माणसाचा काडीचा संबंध नाही! त्या पहिल्या संस्थेच्या इमारतीत आता या बागांचं म्युझियम आहे, कुणी इकडं आलात तर बघा.

मिळायला वेळ लागतो, वेटिंग लिस्ट असते, आणि मिळाल्यावर नियम. 1983 चा चक्क केंद्राचा कायदा आहे. प्लॉट चारशे चौरस मीटरच्या आत, त्यातली खोली ओटीसकट चोवीस चौरस मीटरच्या आत, कायमचं राहायचं नाही, आणि साधारण एक तृतीयांश जागेत भाजी किंवा फळं लावायचीच, नुसतं लॉन करून खुर्ची टाकून बसता येत नाही. दुपारी मशीन चालवायचं नाही, रविवारी तर नाहीच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं, पण आता दुपारी दीडला तिथं जी शांतता असते ती मला पुण्यात पैसे देऊन पण मिळायची नाही.

मी मेथी लावते, ती मस्त येते. कोथिंबिरीचं अवघड आहे, जूनमध्ये इथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, एवढा मोठा दिवस मिळाला की ती पानं धरायच्या आधीच उंच होऊन फुलावर येते, मग मी धणे करते, दुसरं काय करणार. टोमॅटोची रोपं मी एप्रिलमध्येच बाहेर काढायला निघाले होते तर शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनी कुंपणावरूनच हात केला, थांब म्हणाले, बर्फाचे संत जाऊ देत. मेच्या 11 ते 15 तारखांना इथं तसं म्हणतात, तेवढ्यात एखादी गारठ्याची रात्र येऊन रोप जाळून जाते असा अनुभव आहे लोकांचा. आमच्याकडं मृग लागल्याशिवाय चाड्यावर मूठ धरत नाहीत, त्यातलाच प्रकार, त्यामुळं मला पटायला एक मिनिट लागलं नाही.

तर हे आजोबा. एकदा मी मुळ्यासाठी खोल खणत होते आणि काळी-करडी राख लागली, विटकरी खडे मिसळलेली. ते म्हणाले कोळसा आहे, आमच्या काळातला, घरोघरी लिग्नाइटच्या शेगड्या होत्या आणि राख बागेत टाकायचो. मग बोलता बोलता म्हणाले, माझं गाव पण त्या कोळशातच गेलं. अगदी साध्या आवाजात, जसं आपण गाडी विकली म्हणून सांगतो. लाइपझिगच्या दक्षिणेला, पूर्व जर्मनी वेगळा देश होता त्या काळात, उघड्या खाणी होत्या, प्रचंड, आणि खाण पुढं सरकायला लागली की मधली गावं उठवायचे. माग्डेबोर्न नावाचं चांगलं मोठं गाव होतं, ते 1970 च्या दशकाच्या शेवटी उठवलं, चर्चसकट. 1990 नंतर बऱ्याचशा खाणी बंद झाल्या आणि त्या खड्ड्यांत पाणी भरून तळी केली. कोस्पुडेनचं तळं 2000 साली लोकांना खुलं झालं, आता तिथं वाळूचा किनारा, आइस्क्रीम, शिडाच्या होड्या, उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. मी दर रविवारी त्याच तळ्याला सायकलनं चक्कर मारायचे आणि खाली खाण आहे एवढंच माहीत होतं, गावांचं कुणी बोलतच नाही. श्ट्योर्मथालच्या तळ्यात मात्र पाण्यावर तरंगणारी एक चर्चसारखी वास्तू बांधलीय, माग्डेबोर्नच्या आठवणीसाठी, विनेटा तिचं नाव. तिथं लग्नं लागतात.

आता जिचं आजोळ इंदापूर तालुक्यात आहे तिच्या डोक्यात हे ऐकून काय येणार? उजनी धरण. माझ्या आईकडचं जुनं गाव भीमेच्या पाण्याखाली आहे, आजी नव्या गावठाणात राहायची आणि मरेपर्यंत "आपल्या गावाला" म्हणजे जुन्या गावाला म्हणायची. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, मग फोटो काढायला झुंबड. आणि भिगवणला फ्लेमिंगो बघायला पुण्याहून गाड्या येतात, हॉटेलं झालीत, फिश थाळी जोरात. वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी पण खाल्लीय. पण इथं होड्या आणि तिथं फ्लेमिंगो, आणि दोन्हीकडं उठलेली माणसं अजून जिवंत आहेत, म्हातारी आहेत आणि कुणी विचारलं तर तासन् तास बोलतात.

म्हणून पुढचं मोठं काम हे: लेखमाला, एक भाग इकडचा एक भाग तिकडचा. आजोबा बोलायला तयार आहेत, अट एकच, फोटो नाही आणि नाव नाही. जानेवारीत सुट्टी काढून गावी येतेय, मामाला आधीच कामाला लावलंय, जुन्या गावातले जे कुणी उरलेत त्यांच्याकडं घेऊन जायचं कबूल केलंय त्यानं. मोबदला, भाव, पर्यायी जमीन हे सगळं मला कागदासकट पाहिजे, नुसते उसासे नकोत. उसासे टाकणारे लेख या विषयावर भरपूर झालेत.

यातूनच एक नवीन नाद लागलाय. दर महिन्याच्या शेवटी लाइपझिगला लागूनच असलेल्या मार्कक्लेबर्गला जुन्या सामानाचा बाजार भरतो, जुन्या शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर, मैदानाचं नाव आग्रा (नाही, ताजमहालाशी काही संबंध नाही). तिथं बुटांच्या खोक्यांत पोस्टकार्डं असतात, आणि मी फक्त उठलेल्या गावांची शोधते. परवा एक मिळालं, पुढं चर्च, तलाव, दोन बदकं आणि मागं कुणीतरी काठोकाठ लिहिलेलं. पण वाचता येईना! जुनी जर्मन हातलिपी, नुसती टोकं टोकं, e आणि n मला सारखेच दिसतात. 1941 मध्ये ती शाळांतून काढली, त्यामुळं ऑफिसातल्या जर्मन पोरांना पण वाचता आलं नाही, मोडीचं आपल्याकडं जे झालं तेच. आता रोज रात्री अर्धा तास गिरवते, पहिलीतल्या पोरासारखं. त्या कार्डावर बटाट्याचं पीक चांगलं आलं आणि लीना मावशीचे पाय सुजलेत एवढंच निघालं, पण मला लॉटरी लागल्यासारखं झालं.

बाकीचं छोटं-मोठं. बागेच्या नोंदींचं एक ई-बुक करायचंय, महिन्यावार, थंड देशात भाजी लावणाऱ्या मराठी माणसांना उपयोगी पडेल असं, ते मार्चआधी होईल कारण बिया तेव्हाच लागतात. ऑडिओचं पण करायचंय पण माइक घेतला की खोलीत घुमतो आवाज, सध्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड करते आणि नवरा हसतो. कादंबरीचं विचारू नका.

आणि या शनिवारी काही लिहून होणार नाही, बागेच्या संस्थेचं श्रमदान आहे, रस्त्याकडेचं कुंपण छाटायचंय, दांडी मारली तर तासाप्रमाणं पैसे भरावे लागतात. आजोबांनी मला आधीच सांगून ठेवलंय, मोठी कात्री तू आण.