पहिल्या ओळींची दुपार

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या वाचक मंडळाच्या ग्रुपवर धावपळ सुरू होते, शाळेचा हॉल मिळाला का, खुर्च्या कोण लावणार, वडे सांगायचे की खिचडी, आणि हे सगळं चालू असताना मधेच कुणीतरी विचारतं, ओळ ठरली का तुमची? २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, त्याच्या जवळचा रविवार आमचा वार्षिक मेळाव्याचा. भाषण एकच आणि तेही छोटं, मग चहा, आणि मग अख्खी दुपार कादंबऱ्यांच्या पहिल्या ओळी.

नियम एकदम सोपा. उभं राहून आपल्या आवडत्या कादंबरीची पहिली ओळ म्हणायची, नाव सांगायचं नाही, बाकीच्यांनी ओळखायचं. परभाषेतली असेल तर आपापल्या मराठीत करून आणायची. ओळखून झालं की ही ओळ का आणली ते सांगायचं, आणि मला विचाराल तर मेळाव्याचा सगळा जीव तिथेच आहे, कारण माणूस आपल्याबद्दल एरवी जे बोलणार नाही ते तिथे सहज बोलून जातो. आता माझं असं झालंय की पुस्तक हातात घेतलं की लेखकाच्या आधी ती ओळ म्हणणारा माणूस डोळ्यासमोर येतो.

'कोसला' दरवर्षी येतेच. 'मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.' त्यात ओळखण्यासारखं काहीच नाही, नावच आलं की, पण एका वर्षी नुकताच नोकरीला लागलेला, भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा एक मुलगा ती ओळ इतक्या साधेपणाने म्हणाला की क्षणभर वाटलं हा स्वतःचीच ओळख करून देतोय. १९६३ साली ती कादंबरी आली तेव्हा नेमाडे स्वतः पंचवीसचे होते हे त्याला माहीत नव्हतं, कुणीतरी सांगितल्यावर तो किती खूश झाला!

आणि 'ययाति'. 'माझी कहाणी मी का सांगत आहे?' ही ओळ आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी आणतात, तरुणांपैकी कुणी आणलेली मला आठवत नाही. खांडेकरांचा राजा पहिल्याच वाक्यात स्वतःलाच प्रश्न विचारतो हे मला फार मोठं वाटतं. आपल्या बऱ्याच गाजलेल्या कादंबऱ्या अशाच सुरू होतात बघा, कुणीतरी 'मी' म्हणून बोलायला लागतो, ययाति काय, सांगवीकर काय, 'मृत्युंजय'मधला कर्ण काय. कीर्तन-प्रवचन ऐकत वाढलेली माणसं आपण, कुणी समोर बसून सांगायला लागलं की आपण ऐकतोच, असं मला वाटतं.

पण सगळ्यात जास्त रंगलेली दुपार म्हणजे एका कॉलेजच्या पोरीने काम्यूच्या 'द स्ट्रेंजर'ची ओळ आणली ती. 'आज आई गेली. किंवा काल गेली असेल, मला माहीत नाही.' १९४२ सालची फ्रेंच कादंबरी, दोघातिघांनी लगेच ओळखली, पण आमच्या एक काकू इतक्या चिडल्या, म्हणे असा कसा मुलगा, आई कधी गेली ते माहीत नाही? त्यावर कुणी म्हणालं तो कोरडाच दाखवलाय, कुणी म्हणालं नाही नाही तो खरं बोलतोय, आवाज चढले. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक काका उठले, आयुष्यभर तार ऑफिसात नोकरी केलेले. ते म्हणाले, त्याला कळलं कसं ते सांगा आधी. पोरगी म्हणाली वृद्धाश्रमातून तार आली, आई वारली, अंत्यविधी उद्या, एवढंच होतं त्यात. मग काका म्हणाले, मग बरोबरच आहे त्याचं, तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, लोक मोजून शब्द लिहायचे, कधी गेली ते कोण लिहितोय, आणि अशी तार हातात पडली की माणूस पहिल्यांदा तार देणाऱ्यालाच विचारतो, कधी हो? आणि देणाऱ्याला काय माहीत असणार. हॉल एकदम गप्प. २०१३ च्या जुलैमध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली, त्या पोरीने आयुष्यात तार पाहिलेलीही नव्हती, आणि तिच्या आवडत्या ओळीचा अर्थ तिला तिथे नव्याने मिळाला. काकांनी मग ते पुस्तक तिच्याकडून वाचायला नेलं. पुढच्या वर्षी येऊन म्हणाले, तारेचं माझं बरोबरच होतं, पण पुढे कोर्टात तो आईच्या अंत्यविधीला रडला नाही हेच त्याच्यावर शेकतं ते वाचलं, आणि काकूंना राग का आला तेही कळलं. काकू शेजारीच बसल्या होत्या, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना'तली, सुखी कुटुंबं सारखी आणि दुःखी आपापल्या तऱ्हेने दुःखी, ही ओळ आली की बायका एकमुखाने विरोध करतात, सुखी घरंसुद्धा सारखी नसतात म्हणतात, आणि मी त्यांच्या बाजूने आहे. मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'ची ओळ एका शाळकरी मुलाने आणली होती, गोळीबाराच्या पथकासमोर उभ्या असलेल्या कर्नलला वडिलांनी लहानपणी बर्फ दाखवायला नेलं होतं ती दुपार आठवते, ती. सगळ्यांनी विचारलं मग मेला का तो? मुलगा मोठ्या अभिमानाने म्हणाला, सांगणार नाही, वाचा. त्या वर्षी आमच्या लायब्ररीत त्या पुस्तकाला चक्क नंबर लागले.

'बनगरवाडी' आणणारे गुरुजी मात्र एका ओळीवर कधीच थांबत नाहीत. नवखा मास्तर गावाकडे चालत निघालाय, त्याच्याबरोबर थोडं चालल्याशिवाय काय कळणार, असं त्यांचं म्हणणं, आणि आम्ही त्यांना पूर्ण पान वाचू देतो. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, असेच चालत जायचे, त्यांच्यासाठी नियम मोडायला कुणाचीच हरकत नसते.

एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहिलेली 'श्यामची आई', तिची पहिली ओळ नेमकी कुठली धरायची? आधी 'प्रारंभ' आहे, मग 'रात्र पहिली'. आमच्या एक निवृत्त बाई म्हणतात गोष्ट सुरू होते ती रात्रीपासून, श्याम बोलायला लागतो तिथून. दुसरा गट म्हणतो छापील पुस्तकात जे आधी ते आधी. आणि तिसरे, जे म्हणतात ही कादंबरीच नाही, त्यांना दोन्ही गट मिळून खाली बसवतात. बाईंनी यंदा आधीच ग्रुपवर टाकलंय की त्या दोन्ही सुरुवाती वाचणार आहेत, वेळ कमी पडला तर भाषण काढून टाका.