श्रीरामपूरला रविवारी जाऊ नका

कोलकात्यातले चार दिवस ट्राम, घाम आणि मिष्टी दोई यांतच संपले. लिहायचंय ते पाचव्या दिवसाबद्दल.

श्रीरामपूर म्हणजे आपलं नगरकडचं नव्हे, हुगळीकाठचं. हावड्याहून लोकलने गेलो, तिकीट वडापावापेक्षा स्वस्त. विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचं कॉलेज बघायचं होतं. ख्रिस्ती कॉलेज, आणि मी गेलो रविवारी! आदल्या रात्री बायकोने विचारलं होतं, "उद्या वार कोणता?" मी हसण्यावारी नेलं.

दरवानदादांनी लांबूनच हात हलवला. बंद. मी हिंदीत विनवण्या करत असताना कधीतरी तोंडून "पुणे" निघालं, आणि मागून आवाज आला, "काका, पुण्यात कुठे?"

चक्क मराठी! वळून बघतो तर पाण्याचा जार खांद्यावर घेतलेला मिझोरामचा पोरगा. पुण्यात बिबवेवाडीच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या कॉलेजात, बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी केलेली, आता इथे पुढचं शिकतोय. "तिथलीपण डिग्री इथलीच असते ना," तो म्हणाला. वीस वर्षं मी त्या रस्त्याने दूध आणायला जातो, मला पत्ता नाही.

त्याच्या भरवशावर पोर्चपर्यंत सोडलं. खांब असे की वर बघताना टोपी पडावी. जार उतरवून तो म्हणाला, "बसा ना."

कंपनी सरकारला मिशनरी नको होते, म्हणून कॅरी १८०० साली इथे, डेन्मार्कच्या हद्दीत आला. मूळचा चांभारकाम करणारा माणूस. पुढे त्याच कंपनीने त्याला कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात साहेबांना मराठी शिकवायला ठेवलं! १८०५ साली त्याने मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली मोडी टाइपात कोश. वैजनाथ पंडित मदतीला होते. त्यांचं नाव आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही. कॉलेज १८१८ चं, ख्रिस्ती नसलेल्या मुलांनाही खुलं. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली. मुंबई विद्यापीठ निघायला अजून तीस वर्षं होती.

आता मला गंमत वाटते ती पुढची. त्या सनदेवर आज देशभरातल्या सेमिनऱ्यांना धर्मशास्त्राच्या पदव्या मिळतात, पण याच आवारात बी.एस्सी. करणाऱ्याला पदवी कलकत्ता विद्यापीठाची. घरात चूल पेटलेली आणि अर्ध्या पंगतीचा डबा शेजारून! पोराला म्हटलं, तर तो म्हणाला, "डबा गरम असला की झालं, काका." हे मराठी त्याला बिबवेवाडीच्या मेसने शिकवलं असणार.

ग्रंथालयाला अर्थातच कुलूप. खरं सांगायचं तर मला मोडी वाचता येत नाही. दार उघडं असतं तरी कोश नुसता चित्रासारखा बघून आलो असतो.

होडीने पलीकडे बराकपूरला उतरलो तोच बायकोचा फोन. "ग्रंथालय कसं होतं?"

म्हटलं, रेंज नाहीये इथे.