फॉर्ममध्ये न बसणारं प्रार्थनाघर

जुन्या इमारतींच्या सर्व्हेला आमच्याकडे एक फॉर्म भरावा लागतो. मनोरा आहे का, रंगीत काचा आहेत का, कोरीवकाम, कमानी... टिक करत जायचं, खाली मार्कांची बेरीज आपोआप येते. मागच्या महिन्यात कॅनडातल्या दक्षिण मॅनिटोबातलं एक जुनं मेनोनाइट प्रार्थनाघर मोजायला गेले होते; मेनोनाइट हा एक ख्रिस्ती पंथ. सगळीकडे ‘नाही’, आणि बेरीज इतकी कमी की ही इमारत पाडली तरी ऑफिसात कोणी मान वर करून बघणार नाही. तेव्हापासून डोकं तापलंय.

ही माणसं शस्त्र हातात न घेणारी, तो त्यांच्या धर्माचाच भाग. रशियाने सैन्यभरतीतली सूट काढायला घेतली म्हणून आजच्या युक्रेनमधली भरली घरंदारं सोडून १८७४ पासून पुढच्या काही वर्षांत साधारण ७,००० जण मॅनिटोबात आले. त्यांची जुनी प्रार्थनाघरं लांबून बघितली तर मोठं घर वाटतं. लाकडी सांगाडा, उतरतं छप्पर, शिखर नाही, क्रॉस नाही, आत वेदी नाही. तिथल्याच स्टाइनबाख शहरातल्या म्युझियममध्ये मेनोनाइटांच्या ओल्ड कॉलनी शाखेचं १८८१ सालचं आहे, कधी त्या बाजूला गेलात तर चुकवू नका.

पण साधं म्हणजे डिझाइनच नाही असं जे धरून चालतात ना, त्यांना एकदा तिथे बाकावर बसवायला पाहिजे. यांचं व्यासपीठ आखूड भिंतीशी नसतं, लांब भिंतीच्या मध्यावर असतं आणि बाकं त्याच्या तिन्ही बाजूंनी. ६० बाय ४० फुटांचा हॉल धरा, आखूड भिंतीशी उभं राहून बोललात तर मागच्या कोपऱ्यातला माणूस ६३ फुटांवर, लांब भिंतीशी उभे राहिलात तर ५० वर. माइक नव्हता, ऑर्गन तर मुद्दामच नव्हता, गाणं सुरू करून देणारे पुढे बाकावर बसायचे आणि त्यांचा आवाज उचलून सगळे गायचे. अशा ठिकाणी १३ फूट म्हणजे केवढा फरक! शिवाय समोरासमोर बसल्यामुळे सगळ्यांना सगळे दिसतात. बायकांचं दार वेगळं, पुरुषांचं वेगळं, पुरुषांच्या बाकांच्या वर टोप्या अडकवायच्या खुंट्या.

मी गेले ते घर मात्र मधे कधीतरी ‘सुधारलेलं’. व्यासपीठ आखूड भिंतीशी नेलेलं, जमिनीवर कार्पेट. मी कोपऱ्यातलं सुटलेलं कार्पेट परवानगी घेऊन उचललं, खिडक्या झाकल्या आणि टॉर्च जमिनीशी आडवा धरला. असा तिरपा उजेड पडला की लाकूड सगळं सांगतं. दोन दारांपासून फळ्या घासून खोलगट झालेल्या, आणि लांब भिंतीच्या मध्याशी एक चौकोन मात्र अजिबात न झिजलेला, कडेने जुन्या रंगाची रेघ, भिंतीत तिथेच बुजवलेल्या खोबणी. चौकोनाच्या बाजूला बाकाच्या पायांचे चार दाबलेले ठसे. म्हणजे व्यासपीठ इथे होतं आणि गाणारे त्याच्या शेजारी बसायचे! कार्पेटखालचं हे लेझर स्कॅनरवर येत नाही, आणि आमच्याकडची नवी मुलं स्कॅन झाला की सर्व्हे झाला असं समजतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी उत्साहाने तिथे प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळीतल्या एका आजोबांना बोलावून दाखवलं. ते गुडघ्यावर बसले, त्या ठशांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “छान शोधलंत. पण इमारतीला आम्ही पवित्र मानत नाही. आमचे लोक किती देशांत बांधून, सोडून आले. छप्पर गळायला लागलं तर पाडून नवं बांधू.”

यावर काय बोलणार? ते चुकीचं बोलत नव्हते. तीच श्रद्धा त्या भिंतींमध्ये आहे, तिच्यामुळेच तर मनोरा नाही, आणि मी त्याच भिंती वाचवायला त्यांच्याशी वाद घालायचा? आमच्या फॉर्मला हे घर कळलं नाही, ते अज्ञान झालं. आजोबांना मात्र पूर्ण कळलंय आणि तरी ते सोडायला तयार आहेत. या दोन्हींत एकच निकाल लागावा हे मला पटत नाही.

फॉर्मच्या रकान्यांत जागा नव्हती म्हणून मी फोटो आणि नकाशासकट वेगळं टिपण जोडलंय. पाडायचं की दुरुस्त करायचं हे मंडळी त्यांच्या बैठकीत ठरवणार आहेत. मला थोडा वेळ बोलायला दिलाय. वारशाबिरशाबद्दल बोलणार नाहीये. नवं बांधलंत तरी व्यासपीठ लांब भिंतीशी ठेवा, एवढंच मागणार आहे, आणि ६३ आणि ५० चं गणित फळ्यावर मांडून दाखवणार आहे.