तुम्ही विचारलंत म्हणून: माऊलींचं स्वतःचं काय?

"माऊलींनी शंकराचार्यांचंच अद्वैत मराठीत आणलं ना? मग त्यांचं स्वतःचं काय?" शहापूर असो, खानापूर असो, प्रवचन संपलं की कुणीतरी मला हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

ज्ञानेश्वरीच्या शेवटी 'भाष्यकारातें वाट पुसतु' असं माऊली मोकळेपणाने म्हणतात. हे भाष्यकार शंकराचार्यच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण अमृतानुभव हा त्यांचा स्वतंत्र ग्रंथ उघडा. त्यातलं सगळ्यांत मोठं प्रकरण सातवं, आणि ते सबंध अज्ञानाच्या खंडनाला वाहिलेलं! शांकरमतात ब्रह्म एवढंच खरं; त्याच्या जागी जग दिसतं ते अविद्येमुळे, म्हणजे अज्ञानामुळे. माऊली विचारतात, हे अज्ञान राहतं कुठे? आत्म्यात म्हणावं, तर आत्मा ज्ञानरूप. तिथे राहूनही ते आत्म्याला अज्ञानी करत नसेल, तर त्याला अज्ञान म्हणायचं कशाला? आणि करत असेल, तर 'इथे अज्ञान आहे' हे कळणार कुणाला?

अविद्येला आश्रय कुणाचा, हा प्रश्न त्यांच्या आधी रामानुजाचार्यांनीही श्रीभाष्यात केला होता. अविद्येवरच्या त्यांच्या सात अनुपपत्तींतली, म्हणजे आक्षेपांतली, पहिली हीच. पण रामानुज तिथून विशिष्टाद्वैताकडे गेले: जीव आणि जग खरेच, ते ईश्वराचं शरीर. माऊलींनी अविद्या काढून टाकली आणि अद्वैत आणखी घट्ट धरलं. जग हा चैतन्याचाच विलास, असं त्यांचं म्हणणं. त्यामागे नाथपंथाचा शैव वारसा आहे. तिसऱ्या प्रकरणात शिवसूत्रांचं, म्हणजे काश्मिरी शैवांच्या मूळ ग्रंथाचं, नावच येतं.

आपल्या सीमाभागात तर एका गल्लीत हरिपाठ आणि पलीकडच्या गल्लीत शिवशरणांची कन्नड वचनं. त्या वचनांतही हेच दिसतं: आधीचा विचार घ्यायचा आणि त्याला स्वतःचा अर्थ द्यायचा. कशालाच स्वतःचा स्वभाव नाही, हे दाखवायला बौद्ध आचार्य नागार्जुनांनी शून्यता मांडली. शिवशरण अल्लमप्रभूंच्या वचनांत शून्य हे साधकाचं परमपद झालं. पंधराव्या शतकात त्यांच्याभोवती रचलेल्या ग्रंथाचं नावही 'शून्यसंपादने'.

म्हणून 'उसनं घेतलं' असं कुणी म्हटलं की मला बोचतं. आषाढात पंढरीची वाट धरणाऱ्यांना तर या वादाशी थेट देणंघेणं आहे. जग नुसता भास असेल, तर ज्ञान झाल्यावर विठ्ठलापुढे उभं राहायचं कुणी आणि कशाला? अमृतानुभवाच्या नवव्या प्रकरणात माऊली याचं उत्तर देतात: एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि देवाचा परिवार घडवता येतो, मग भक्तीचा व्यवहार का होऊ नये? अविद्या बाजूला सारली नसती, तर त्यांना हे म्हणता आलं नसतं, असं माझं मत आहे.