गिऱ्हा, टप्पा ५: सगळ्यांनी 'गुन्हा' वाचलं

"काय रे, पोलिसांची गोष्ट का?" आत्यानं विचारलं आणि माझं तीन आठवड्यांचं काम जागच्या जागी बुडालं. रविवारी आतेभावाकडे भिंतीवर चादर लावून त्याच्या 'गिऱ्हा' या भुताच्या लघुपटाचा १८ मिनिटांचा रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, दाखवला. त्याच्या शीर्षकाची अक्षरं मी काढतोय. समोर सात माणसं. पाच जणांनी शीर्षक 'गुन्हा' वाचलं, एक झोपलेला होता आणि सातवा खुद्द दिग्दर्शक, म्हणजे आतेभाऊच, तोही क्षणभर चाचरला.

गेल्या टप्प्यातला शीर्षकाचा नमुना आठवत असेल. जाड शिरोरेषा, प्रत्येक कान्याच्या टोकाला ओघळ, वेलांटी जुनाट दिसावी म्हणून खरवडलेली. ओघळ जास्त होतायत असं तुमच्यातल्या दोघांनी बजावलं होतं, मी मनावर घेतलं नाही. घरी येऊन फ्रेम थांबवून पाहिली तेव्हा चोर सापडले, एक नाही, तीन. खरवडलेली वेलांटी काळ्यात विरून गेली होती. ग खालचा ओघळ गोल वळून चक्क उकार झाला होता. आणि ऱ् च्या डाव्या टोकाला मी हौसेनं शाईचा थेंब ठेवला होता, त्यानं त्याचा अर्धा न केला होता. झाला गुन्हा.

पहिल्या दोन चुका तासाभरात निघाल्या. तिसरीनं मात्र आठवडा खाल्ला.

हा ऱ्, 'वऱ्हाड' या शब्दात येतो तो र, म्हणजे विचित्र प्राणी आहे. रफार निदान डोक्यावर मुकाट बसतो, हा दोन अक्षरांच्या मध्ये लोंबकळतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक करायला तो हवाच, पण त्याच्या वाट्याला जागा चिमूटभर. अर्ध्या न ला डावीकडे गाठ असते आणि रेघ सरळ जाऊन पुढच्या अक्षराला भिडते. या र ला गाठ नाही आणि रेघ कमरेत वाकलेली. सगळा फरक तेवढाच. भुताटकीच्या अक्षरांत आपण नेमकं काय करतो? रेघा फाडतो, टोकं जाड करतो, थेंब चिकटवतो. म्हणजे जो फरक जपायचा तोच पुसून टाकतो.

नमुन्यासाठी आजोबांची निर्णयसागर छापखान्यातली संस्कृत पोथी काढली. चार अध्याय डोळ्यात तेल घालून चाळले, एकही सापडला नाही. मग डोक्यात प्रकाश पडला की संस्कृतात हा र लागतच नाही! तुम्ही हसा, मी आजीसमोर पोथी परत कपड्यात बांधताना पुरेसा ओशाळलो. फुकटातले 'हॉरर' फॉन्ट तर विचारूच नका. उतरवलेल्या तिन्हींत हा र नव्हता, 'गिर्हा' असा रफार आला. हिंदीपुरता विचार करून बनवले की असं होतं.

जाता जाता: श्रेयनामावलीतही हीच भानगड झाली होती. मी र, हलन्त आणि मागे झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह) असं टंकायचो. मजकूर एका खिडकीतून दुसरीकडे चिकटवताना तो अदृश्य जोडक गळून पडायचा आणि 'वऱ्हाडे' आडनावावर रफार चढायचा. आता ऱ (युनिकोडमधला स्वतंत्र र, यू+०९३१) आणि हलन्त असंच टंकतोय, गळण्यासारखं काही उरलं नाही. नावांसाठी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' फॉन्ट ठेवलाय. जाडीचे सात प्रकार, मुक्त परवाना आणि हा र व्यवस्थित. शीर्षक मात्र हातानंच.

हातानं म्हणजे बोरूनं. आधी ऑनलाइन मागवलेल्या कट निब, म्हणजे तिरप्या कापलेल्या टोकाच्या, इंग्रजी कापाच्या निघाल्या. वर्णनात 'देवनागरीसाठी' असं छापलेलं, काप उलटा, जाड जिथं हवं तिथं बारीक. शेवटी बोरू तासला. ऱ् दीडेकशे वेळा काढला असेल. बारीक सुरुवात, पोटात जाड, पुन्हा बारीक, आणि टेकवणं ह ला, ग पासून मोकळा. हाताला वळण बसलं तेव्हा लक्षात आलं की ही रेघ पोहतेय. डावीकडून आलेलं काहीतरी ह ला बिलगतंय.

आणि इथंच सगळा बेत फिरला. गिऱ्हा पाण्यातलं भूत, हे कोकणातल्यांना सांगायला नको. मग मी रक्ताचे ओघळ कशाला काढत बसलोय? आपली अक्षरं शिरोरेषेवरून खाली लोंबतात. शिरोरेषा म्हणजे डोहाची पातळी! ती फ्रेमच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणली, सगळी अक्षरं पाण्याखाली गेली, वर उरली फक्त वेलांटी. तिची दांडी खालून येते, पाण्याबाहेर पडते आणि मनगटात वाकते. बुडणाऱ्याचा हात. मी काही वेगळं काढलंच नव्हतं, साधी ऱ्हस्व वेलांटी होती ती. रात्री दीडला आतेभावाला फोटो पाठवला, त्याचा नुसता "आयला" आला. अक्षरकार कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांच्या शीर्षकांची अक्षरं पाहिली की हेच जाणवतं, अक्षराच्या अंगात जे आहे तेच ते बाहेर काढायचे. आपण वरून थापत बसतो.

हलणारं पाणी आधी संगणकावर करून पाहिलं, जेली वाटली. मग अक्षरं पारदर्शक शीटवर छापून परातीत बुडवली आणि वरून मोबाइलवर २४ फ्रेमनी चित्रण केलं. स्टीलच्या परातीत ट्यूबलाइट आणि माझं टक्कल दोन्ही आलं. काळं प्लास्टिकचं घमेलं आणलं, काम फत्ते. बोट बुडवलं की ह चा पोटभाग असा काही लचकतो की अंगावर काटा येतो. शिरोरेषा मात्र हलवायची नाही, ती वेगळ्या थरावर स्थिर. ती हलली की वाचणं संपलं, हे दोन टेकनंतर कळलं.

हे लिहिता लिहिता सुचलं: आधी नुसतं 'गि हा' दिसू द्यावं, मध्ये मोकळी जागा, आणि दीड सेकंदानं, म्हणजे ३६ फ्रेमनी, ऱ् डावीकडून ग च्या खालून पोहत यावा आणि ह ला धरावा. धरला की वेलांटी एक फ्रेमभर खाली ओढली जावी. म्हणजे ऱ् साठी वेगळं शीट आणि घमेल्याखाली चुंबक? की दोरा? पोस्टरवर हे चालणार नाही, तिथं ह आणि ऱ् मधला सांधा थोडा जाड ठेवावा लागेल. तो किती, ते ठरत नाहीये. बुधवारी आत्याला चहाला बोलावलंय, काही न सांगता पोस्टर समोर ठेवणार.

तोवर कुणाच्या घरी किंवा ओळखीच्या जुन्या छापखान्यात मराठीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पडले असतील आणि त्यात हा र असलेला एखादा सापडला, तर कृपया फोटो टाका. शक्यतो दोन, एक वरून आणि एक बाजूनं. घासलेला असला तरी चालेल.