अर्धा ज

‘त्या साली वारी झाली नाही. बा कुणाशी बोलला नाही.’

आईच्या आठवणींच्या फाईलमधील ही दोन वाक्ये कालपासून माझी पाठ सोडत नाहीत. वारी झाली नाही की ज्वारी झाली नाही, हे मला ठरवता येत नाही, आणि ते ठरल्याशिवाय पुढचे पान उलटावेसेही वाटत नाही.

ताईने २००२ साली आईजवळ बसून या आठवणी वह्यांत लिहून घेतल्या आणि विंडोज ९८ असलेल्या घरच्या संगणकावर टंकित केल्या. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे कुठल्याही संगणकाला सारखीच कळावीत म्हणून ठरवलेल्या संकेतांत, देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळालेली असली, तरी आमच्या त्या यंत्रापर्यंत ती सोय पोहोचलेली नव्हती. कृतिदेव, शिवाजी अशा नावांचे फॉन्ट घालून लोक मराठीचे काम चालवत. संगणकाच्या लेखी तो सगळा मजकूर रोमन अक्षरांचाच असे. फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी फक्त मराठी आकार काढून दाखवी. कोणत्या कळीवर कोणता आकार, ही मांडणी फॉन्टगणिक वेगळी होती, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की आईच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा काला दिसे. पत्रिका छापणाऱ्या अनेक छापखान्यांत आजही असेच फॉन्ट वापरले जातात, तेव्हा ही अडचण आमच्या एकट्या घरची नाही, हे मला कळते. कळून मन मात्र शांत होत नाही.

जुना संगणक भंगारात देण्याआधी भाच्याने आठवणीने ती फाईल काढून घेतली. इंटरनेटवरच्या एका कन्व्हर्टरमधून तिचे युनिकोड केले, आणि मजकुरात मधूनमधून उरलेली रोमन अक्षरे एकदम शोधून पुसून टाकली, कारण मामाला वाचताना अडखळायला होऊ नये, असे त्याला मनापासून वाटले. परंतु ती अक्षरे म्हणजे कन्व्हर्टरला न ओळखता आलेले मराठी वर्णच होते. गहू पाखडताना खड्यांबरोबर चार दाणेही सुपाबाहेर जावेत, तसे त्यांच्याबरोबर आईचे काही अर्धे वर्ण गेले. मूळ फाईल आता कुठेही नाही. हे मी त्याला सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही.

कोणते वर्ण गेले, याचा मी शोध घेतला. ‘निजामाच्या रायात’ असे एके ठिकाणी आहे, तिथे ‘राज्यात’ हवे. ‘या घरात मी जन्मले’ असे जिथे आहे, तिथे मागचापुढचा संदर्भ पाहता ‘ज्या घरात’ हवे. म्हणजे अर्धा ज गळला, हे उघड आहे. पूर्ण ज जागच्या जागी आहे. अर्धा ष मात्र शाबूत आहे, कारण ‘पुष्कळ’ प्रत्येक ठिकाणी धड आहे. म्हणून बहात्तर सालच्या पानावरचा ‘दुकाळ’ हा आईचाच, त्यातला ष कुणी नेलेला नाही. हे उमगले तेव्हा मला फार बरे वाटले. फोनवर तो उतारा उतरवून घेताना कळफलक मला पुन्हा पुन्हा ‘दुष्काळ’ सुचवत होता आणि मी पुन्हा पुन्हा ते नाकारत होतो.

यंत्राच्या चुका मोठ्याने वाचून पाहिल्या की ओळखू येतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होत असे आणि रफार नंतर; युनिकोडमध्ये हा क्रम उलटा. ही अदलाबदल करताना कन्व्हर्टर जोडाक्षरापाशी चुकतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, रफार शेजाऱ्याकडे जातो, आणि जो शब्द तयार होतो तो कोणत्याही माणसाच्या तोंडून निघणार नाही. आईचे ‘इठ्ठल’, ‘येळ’, ‘हीर’ हे सगळे तोंडात नीट बसते. शुद्धलेखन तपासणाऱ्या सोयीने आईच्या शब्दांखालीही लाल रेघ ओढली होती आणि यंत्राने मोडलेल्या शब्दांखालीही. मी ती सोयच बंद केली, कारण आईच्या बोलण्याखालची लाल रेघ मला बघवेना.

पण ‘वारी’ तोंडात बसते आणि अर्थातही बसते, आणि नेमके तिथेच माझे सगळे ज्ञान थांबते.

ते साल १९४८चे. आईचे गाव औशाकडचे; रझाकारांच्या भीतीने घरची माणसे रातोरात बैलगाड्या जुंपून बार्शीच्या बाजूला, निजामाच्या हद्दीबाहेर गेली होती, हे आम्ही लहानपणापासून ऐकले आहे. पेरणी कोण करणार होते? गावात पेवातला दाणा राहिला की लुटला गेला, हेही परतल्यावरच कळायचे होते. तेव्हा ज्वारी झाली नाही, हे अगदी खरे असणार. पण पंढरपूरही तेव्हा हद्दीच्या पलीकडे, भारतात होते, आणि ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आषाढीला पायी जाण्याचा नेम होता, त्या माणसाने मुलाबाळांना सांभाळावे की दिंडीबरोबर निघावे? तेव्हा वारी झाली नाही, हेही खरेच असणार. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, तोवर आषाढी उलटून गेली होती. बा कुणाशी बोलला नाही. घरात दाणा नाही म्हणून बोलला नाही, की विठ्ठलाचे दर्शन चुकले म्हणून? आठ-नऊ वर्षांच्या आईने त्याच्या गप्प बसण्याचा कोणता अर्थ लावला आणि पन्नासहून अधिक वर्षांनी ताईला कोणता सांगितला? मला हवी आहे ती एवढीच गोष्ट, आणि अर्ध्या वर्णाने ती माझ्यापासून तोडली.

काल रात्री मला स्वतःचीच फार कीव आली. आजच्या मुलांच्या फोनमध्ये आजीचे हसणे, खोकणे, रागावणे सगळे साठलेले असते, आणि माझ्या वाट्याला आईचे म्हणून जे काही उरले ते असे झिजून यावे, हा विचार मला झोपू देईना. जे शब्द कागदावर शाईतच राहिले असते तर वाळवीनेही इतक्या निवडीने खाल्ले नसते, ते यंत्रात ठेवल्यामुळे असे का व्हावे, हाही प्रश्न होता. त्या वह्यांचे पुढे काय झाले ते... असो.

सकाळी फाईल पुन्हा पहिल्या पानापासून वाचली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. सुरुवातीच्या पानांवर ताई ‘विहीर’ लिहिते, ‘वेळ’ लिहिते. शाळेत शिकवले तसे. पुढे हळूहळू ‘हीर’ येते, ‘येळ’ येते, आणि शेवटच्या पानांवर तर ‘जवारी’ असाच शब्द आहे, पूर्ण ज असल्यामुळे सुखरूप राहिलेला. लिहिता लिहिता ताई आईचे ऐकू लागली होती. माझे अडलेले वाक्य आरंभीच्या पानांवरचे आहे, तेव्हा तिथे तिने ‘ज्वारी’ लिहिले असण्याचा संभव राहतोच. तरीही निकाल लागत नाही. पण ताईच्या लिहिण्यातला हा बदल इतक्या वर्षांत मला दिसला नव्हता, आणि अक्षर अक्षर तपासत बसण्याची वेळ आली नसती तर तो दिसलाही नसता. ती तेव्हा आईजवळ कशी बसली असेल, हे मला पहिल्यांदाच डोळ्यांपुढे आणावेसे वाटले.

आता मी संशयाच्या जागी चौकटी कंस घालून ठेवले आहेत. कंसात माझ्या मनाने काही भरलेले नाही. भाच्याच्या प्रतीला हात न लावता तिची एक नक्कल वेगळी ठेवली, एक साध्या मजकुराची फाईल केली आणि एक प्रत छापून घेतली. दोन्ही गोष्टी त्या वर्षी घडल्या असतील आणि आईने सांगताना एकीचेच नाव घेतले असेल, इथवर मी स्वतःला आणले आहे. यापुढे मला एकट्याला जाता येणार नाही, आणि ते मला आता फारसे जाचतही नाही.

ताईला विचारावे, हे काल सर्वांत आधी सुचले होते आणि सर्वांत आधी बाजूलाही सारले होते. शेताच्या कागदांनंतर आमच्यात जे झाले त्याविषयी इथे लिहीत नाही. आज दुपारी तिच्या नंबरवर संदेश लिहायला घेतला. आधी नुसता प्रश्न लिहिला, मग तो पुसला. इतक्या दिवसांनी भावाचा संदेश यावा आणि त्यात फक्त एका अक्षराची चौकशी असावी, हे बरे दिसत नव्हते. म्हणून आधी पूर्ण फाईल पाठवली, तिच्याखाली ‘हे तू लिहिलेले आहेस, वाचून बघ’ एवढे लिहिले, आणि प्रश्न राहू दिला. कंस तिला दिसतीलच.